जास्तीच्या नोंदी

दर मंगळवारी पहाटे मी एक खून करते.
अक्कलकोट रोडवरच्या बंद कारखान्याचं शटर
खांदा लावून उचलते,
नव्या पेठेतून घासाघीस करून आणलेला
साडीच्या दुकानातला पुतळा
मागासमोर पालथा घालते.
रक्त घरचंच: बिटाचा रस, ग्लिसरीन, चिमूटभर कोको.
मुंग्या येतात.
खऱ्यालाही येतात, मी पोरांना सांगते.

मग पुरावे पेरते.
खात्यात या कामाचा उघड पगार घेणारी
मी एकटीच.
बुटाचा अर्धा ठसा, तुटकं बटण,
बॉबिनच्या पेटीखाली सिमकार्ड,
पुतळ्याच्या मुठीत तीन केस, माझेच, एक पांढरा.
एकूण एकोणीस.
यादी पर्समध्ये, चेन लावून.

दहाला केगावहून व्हॅन येते.
बिराजदार ठशावरच उभा राहून विचारतो,
"मॅडम, पुरावा कुठंय ओ?"
"तुझ्या पायाखाली. हल नको आता, जन्मभर."
सगळे हसतात. पुतळा हसतच असतो,
त्याला विकायला तसाच घडवलाय.

पत्रा तापतो. हातमोज्यांत पाणी साचतं.
पूर्वेस भिंत, पश्चिमेस शटर,
दक्षिणेस माग नग चार, उत्तरेस संडास, पडीक:
चतुःसीमा लिहिताना
निम्मे जण सूर्य कुठं उगवतो तेच विसरतात.

संध्याकाळी पेपर तपासले.
कुणाचे अकरा, कुणाचे चौदा.
विजयालक्ष्मी येमुलचे तेवीस.

वीस: भिंतीवर तेलकट पंजा, उजवा,
फरशीपासून साडेचार फुटांवर,
तर्जनी अर्धीच. एका दिवसाचा नव्हे.
रोज त्याच जागी टेकलेला हात.

एकवीस: चौकटीवर खिळ्यानं ओढलेल्या आडव्या रेघा, सात.
खालची अडीच फुटांवर, वरची जेमतेम चार.
प्रत्येकीपुढं तेलुगू अक्षर, तेच ते.

बावीस: खुंटीला सुताची गाठ.
विणकराची आहे. सोडली नाही, सुटतही नाही.

तेवीस: कोनाड्यात लसणाचा वास.
नमुना घेता आला नाही.

तिला बोलावलं. म्हटलं,
"याचा गुन्ह्याशी काय संबंध?"
ती फळ्याकडं बघून म्हणाली,
"गुन्हा कुठला, ते नंतर ठरतं, मॅडम.
आधी फक्त लिहायचं.
तुमचंच वाक्य आहे."

नियमाप्रमाणे जास्तीच्या नोंदीला अर्धा मार्क वजा.
पेन उघडं ठेवून बसले.

पंधरा वर्षांपूर्वी, होटगी रोडला,
माझी पहिली खरी खोली.
ओट्यावर दोन कप होते.
मी एक लिहिला.
दुसरा कुणीतरी विसळून
पालथा घातला होता, आणि मला वाटलं,
धुतलेलं भांडं काय बोलणार.

बुधवारी एकटीच गेले, फरशी धुवायला.
बिटाचं पाणी मोरीत गुलाबी होत गेलं.
पंजासमोर उभी राहिले,
हात वर गेला होता. खाली घेतला.
हातमोजे नव्हते.

आठवी रेघ नाही.
कारखाना बंद पडला असेल,
किंवा पोरगं आईबरोबर येईनासं झालं असेल,
किंवा काहीही. अंदाज लिहायचा नसतो.
पुराव्यावरून एवढंच म्हणता येतं
की या ठिकाणी कुणीतरी वाढत होतं
आणि कुणीतरी ते मोजत होतं.

येमुलला मी पैकीच्या पैकी दिले.
वर विचारणा आली, मी उत्तरात लिहिलं:
समक्ष पाहिले, खरे आहे.

यादीत अजूनही एकोणीसच आहेत.
फक्त पुतळा आता चार हात अलीकडं पाडते,
रक्त त्या भिंतीवर उडू नये म्हणून,
आणि पुढच्या तुकडीकडं बघत राहते,
कोण मान वर करतं.